वाघाचं पेट्रोल, शिंपल्याचं पेट्रोल

आमच्या फाट्यावर राहणाऱ्या माणसाला रस्त्याकडं बघत बसण्यावाचून दुसरी करमणूक नव्हती. नगरहून औरंगाबादला जाणारा डांबरी रस्ता, त्यातून नेवाशाकडं फुटलेला फाटा, चहाची दोन हॉटेलं, एक पानाची टपरी आणि लिंबाच्या मोठ्या झाडाखाली माझ्या वडिलांचं पत्र्याचं गॅरेज, एवढाच आमचा गाव. गॅरेजच्या मागं दोन खोल्या होत्या. तिथं आई, दादा आणि मी अशी तिघं राहायचो. वडिलांना मी दादा म्हणायचे. बाकी सगळा फाटा त्यांना मिस्त्री म्हणायचा. विहिरीवरची इंजिनं, ऊस वाहणारे ट्रक, कुणाची फटफटी, जे बंद पडेल ते आमच्या दारात येऊन उभं राहायचं.

मी तेव्हा ट्रेनिंग कॉलेज करून जवळच्या गावात मास्तरीण झाले होते. लग्न व्हायचं होतं. "पोरगी सोन्यासारखी हाय, पन जीभ लई तिखट," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि वर मलाच विचारायची की स्थळं का येत नाहीत.

दादांचे एकच जिवलग मित्र होते, त्यांना मी काका म्हणायचे. काका मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवायचे. उंच, सडसडीत, खाकी शर्टाला रोज कडक इस्त्री, बाहीला कधी डाग म्हणून नाही. रविवारी ते देवळात पेटी वाजवायचे. त्यांच्याकडं चर्चला देऊळच म्हणत. नाताळात त्यांच्या घरून आमच्याकडं करंज्यांचा डबा यायचा, दिवाळीत आमचा त्यांच्याकडं जायचा, आणि दोन्ही वेळेला आई म्हणायची की त्यांच्या करंज्या जास्त खुसखुशीत होतात, मोहन सढळ घालत असतील.

काकांची गाडी म्हणजे फाट्याचं वैभव होतं. लांबलचक अमेरिकन गाडी, स्टेअरिंग डाव्या हाताला, मागं पेशंट आडवा झोपेल एवढी जागा. कुणी परदेशी डॉक्टर मायदेशी परत जाताना ती दवाखान्याला ठेवून गेले होते. तिचे सुटे भाग कुठं मिळत नसत, म्हणून दादा ते घासून, ठोकून, दुसऱ्याच कुठल्या गाडीचे बसवून तिला चालती ठेवायचे. गाडीची दुखणी संपत नव्हती, त्यामुळं दोस्तीही संपत नव्हती. काका दादांना 'मिस्त्री' म्हणायचे आणि दादा त्यांना 'डायवर'.

संध्याकाळी काम आवरलं की दोघं लिंबाखालच्या बाकड्यावर बसायचे आणि गाड्या ओळखायचे. अँबॅसिडर आणि जीप धरायची नाही. "अँबॅसिडर काय मोजायची? उद्या बैलगाडी मोजशील," दादा म्हणायचे. मोजायची ती बाहेरच्या मुलखातली गाडी. वेरूळ-अजिंठ्याला निघालेले गोरे पाहुणे, मुंबईचे शेठ लोक, फुलापानांनी रंगवलेल्या डब्यातून थेट आपल्या देशातून आलेले दाढीवाले हिप्पी, सगळ्यांना आमच्याच दारावरून जावं लागायचं. दूरच्या वळणावर गाडी दिसली की जो आधी नाव सांगेल त्याची ती गाडी. ती झाडापुढून गेली, मागून नीट दिसली आणि नाव बरोबर निघालं, की दुसऱ्यानं 'कबूल' म्हणायचं. नुसती मान हलवून भागायचं नाही. तोंडानं, स्पष्ट, पलीकडं टपरीवाल्याला ऐकू जाईल असं 'कबूल' म्हणायचं, हा नियम.

एवढी बाप्ये माणसं आणि हा काय पोरखेळ, असं मला वाटायचं. पण वह्या तपासता तपासता माझेही डोळे रस्त्याकडं जायचेच. शेपटीला दोन्हीकडं तीन-तीन गोल लाल दिवे असले की ती इंपाला, आणि दोन-दोन असले की तिचीच साधी बहीण बेल एअर, हे मला स्वयंपाकाच्या आधी येत होतं. कधी गोल पाठीची बीटल यायची. ती बघून आई म्हणायची, "हे कासव कुनी सोडलं रस्त्यावर?" आणि दोघंही एकदम आईवर चिडायचे.

गाड्यांवर 'कबूल' व्हायचं. पेट्रोलवर मात्र इतक्या वर्षांत एकदाही झालं नाही.

आमच्यापासून नगरच्या अंगाला एक पंप होता, त्याच्या पाटीवर पिवळा शिंपला होता. औरंगाबादच्या अंगाला दुसरा होता, त्याच्यावर उडी मारणारा वाघ. कंपन्यांची इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसत नसत, त्यामुळं आमच्याकडं शिंपल्याचा पंप आणि वाघाचा पंप. शिंपल्याचा पंप दादांना जवळ, तिथला मॅनेजर अडलेली गाडी आमच्याकडं पाठवायचा, म्हणून दादा शिंपल्याचे. दवाखाना वाघाच्या बाजूला, म्हणून काका वाघाचे. काकांनी गाडीत समोर, डॅशबोर्डवर, वाघाचं एक चित्र चिकटवलं होतं. पंपावर कधीतरी वाटलेलं ते चित्र उन्हानं पार फिकं झालं होतं, पण काका त्याला रोज फडक्यानं पुसायचे.

"माझ्या वाघाचं पेट्रोल घातलं ना मिस्त्री, की इमामपूरच्या घाटात गाडी डरकाळी फोडती."

"डरकाळी न्हाई, खोकला हाय तो," दादा म्हणायचे. मग उठायचे, गाडीचं बॉनेट उघडायचे, एक प्लग काढून काकांच्या नाकासमोर धरायचे. "बघ. काळा ठिक्कर. वाघानं खाऊन ओकलंय."

"प्लग काळा हुतो तुझ्या कार्बोरेटरपायी. हात तुझा, आन नाव वाघाचं?"

दादांचं नाक या कामी प्रसिद्ध होतं. वाटेत कुणाकडून डब्यातलं पेट्रोल घेतलेले ट्रकवाले शंका आली की बाटली घेऊन आमच्याकडं यायचे. दादा चार थेंब तळहातावर घ्यायचे, हुंगायचे आणि सांगायचे, "ह्यात रॉकेल हाय," किंवा "ने, चांगलं हाय." आईच्या स्वयंपाकात मीठ कमी पडलेलं ज्यांना कधी कळलं नाही, त्या माणसाला रॉकेलचा थेंब मात्र बरोबर कळायचा. आईला याचा राग यायचा.

एकदा एक टँकरवाला चहाला थांबला होता. दोघांची कचकच बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "अवो, कशाला भांडताय? मुंबईला सगळं एकाच हौदातनं भरत्यात." दोघंही एकदम उठले. दादा म्हणाले, तुला काय कळतं. काका म्हणाले, तू तुझा चहा पी आणि चालू लाग. तेवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं.

मग दुष्काळ पडला. बहात्तर सालचा. आमच्या रस्त्याच्या कडेनं खडी फोडायची कामं निघाली, बायाबाप्ये डोक्याला फडकी गुंडाळून दिवसभर ठकठक करायचे, शाळेत पोरं वाटपाच्या सुकडीच्या वासावर यायची. आणि रस्त्यावर कधी नव्हत्या एवढ्या गाड्या यायला लागल्या. साहेब लोक, पुढारी, मदत घेऊन आलेले परदेशी, गळ्यात कॅमेरे अडकवलेले पाहुणे. माणसांच्या पोटात काही नव्हतं आणि दारावरून इंपाला जात होत्या. त्या दिवसांत दोघं गाड्यांची नावं हळू आवाजात घ्यायचे, खडी फोडणाऱ्यांना ऐकू जायला नको म्हणून. पण त्या बायाच उलट विचारायच्या, "मिस्त्री, आज कंची घावली?"

त्याच उन्हाळ्यात दादा पडले. सकाळी एका ट्रकचं चाक खोलत होते. पाना हातातून खाली पडला, तो उचलायला वाकले आणि तसेच आडवे झाले. मी शाळेला निघाले होते. धावत गेले, तर दादा माझ्याकडं बघत होते, तोंड एका बाजूला ओढलं होतं, आणि काहीतरी सांगायची नुसती धडपड चालली होती. शब्द येत नव्हता. उजवा हात आणि पाय लाकूड झाले होते.

काका आले ते रस्ताभर हॉर्न दाबतच. मागच्या जागेवर दादांना झोपवलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्यापर्यंत समोरून काय गाड्या गेल्या असतील त्या असोत, माझं लक्ष फक्त काकांच्या मानेकडं होतं. ती घामानं निथळत होती.

लकवा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काही आठवड्यांनी आम्हाला घरी पाठवताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. शब्द आत अडकलेत. त्यांना बोलतं करा. गप्प राहायची सवय लागू देऊ नका, नाहीतर ते तसेच राहतील." हे ऐकलं त्या दिवसापासून आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट उरली. दादा बोलले पाहिजेत.

भेटायला माणसं लोटली. जो तो दादांच्या कानाशी जाऊन ओरडायचा. दादा बहिरे झाले नव्हते, मुके झाले होते, पण हे लोकांना सांगून सांगून माझी जीभ आणखी तिखट झाली. कुणी कबुतराच्या रक्तानं मालिश सांगितलं, कुणी अंगारा आणला. शेवटी मी माझं शास्त्र काढलं. शाळेतून पाटी आणली, मोठ्या अक्षरात 'अ' काढला, आणि पोरांना शिकवावं तसं दादांपुढं तोंडाचा आ करून बसले. दादांनी पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पाटी तशीच परत नेली.

काकांनी एक काम केलं. दादांची बाज उचलून बाहेर लिंबाखाली आणली, रस्त्याकडं तोंड करून. "घरात छताकडं बघून मानूस येडा हुईल, वैनी," ते आईला म्हणाले. रोज संध्याकाळी ते यायचे, बाजेशेजारी बाकडं ओढून बसायचे आणि एकटेच खेळ खेळायचे. "मिस्त्री, ती बघ, इंपाला." गाडी जायची. काका थांबायचे, दादांच्या तोंडाकडं बघायचे. 'कबूल' यायचं नाही. "बरं, राहू दे," म्हणून काका पुढच्या गाडीकडं वळायचे. दादांचे डोळे गाडीमागं जायचे आणि परत यायचे, बस.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एका संध्याकाळी काका म्हणाले, "मिस्त्री, बेल एअर!" आणि माझ्यासमोरून धडधडीत इंपाला गेली, तीन-तीन दिव्यांची, आरशासारखी लख्ख. मी चकित झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बीटलला भलतंच नाव दिलं. तिसऱ्या दिवशी परत इंपालाला बेल एअर. माझ्यानं राहवेना. चहा द्यायच्या निमित्तानं मी त्यांना गॅरेजआड बोलावलं आणि म्हटलं, "काका, तुमचे डोळे गेले का? आधीच माणूस आजारी, त्यात त्यांना चुकीचं सांगून कशाला छळता?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "मला दिसतंय, पोरी," ते म्हणाले. "पन बरोबर सांगितलं तर त्यानं बोलायचं कशाला?"

ट्रेनिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मी पण चुकीची नावं सांगायला लागले. आणि एका दिवशी काकांनी इंपालाला बेल एअर म्हटल्याबरोबर दादांचा डावा हात चादरीवरून वर आला. त्यांनी तीन बोटं दाखवली. तीन-तीन दिवे! काकांनी मुद्दाम न कळल्यासारखं केलं. "तीन काय? तीन कप चहा?" दादांचा चेहरा लालबुंद झाला. तीन बोटं हवेत नाचायला लागली. आई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती आणि हसत होती.

शब्द आला तो आणखी काही दिवसांनी. एक लांबलचक पांढरी इंपाला वळणावर दिसली, आणि काकांनी जगातलं सगळ्यात मोठं पाप केलं. ते म्हणाले, "मिस्त्री, हेराल्ड."

हेराल्ड म्हणजे चिमुकली गाडी, इंपालाच्या डिकीत मावेल. दादांनी डोकं उशीवरून उचललं. घशातून घरघर आली, ओठ वाकडे झाले, आणि शब्द बाहेर पडला. "न्हा... ई."

आई पीठ मळत होती, तसेच हात घेऊन धावत आली. काका आकाशाकडं बघून काहीतरी पुटपुटले आणि लगेच दादांवर ओरडले, "न्हाई काय न्हाई? हेराल्डच हाय!"

"न्हाई," दादा म्हणाले.

मग पुढं कितीतरी दिवस दादांकडं तेवढा एकच शब्द होता. चहा देऊ का? न्हाई, म्हणायचे आणि कप घ्यायचे. ऊन लागतंय का? न्हाई. मी तुमची लेक आहे ना? न्हाई. आम्ही हसायचो, तेही एका बाजूनं हसायचे. पेट्रोलचा विषय निघाला की काका म्हणायचे, "वाघाचंच पेट्रोल चांगलं," आणि दादा म्हणायचे, "न्हाई." मला वाटलं, आता गाडी रुळावर आली.

पण उजवा हात काही हलत नव्हता. गॅरेज बंद होतं. पाने, हातोडे, कानशी, सगळी हत्यारं लाकडी पेटीत पडून होती. एक दिवस शेवगावचा एक मिस्त्री आला. माणूस चांगला होता, दादांना मानणारा होता. बाजेपाशी बसून आईला म्हणाला, "वैनी, राग मानू नका. हत्यारं पडून गंजन्यापरीस मला द्या. मी जीव लावून वापरीन." आईनं दादांकडं पाहिलं. दादा कितीतरी वेळ पेटीकडं बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि तळवा बाहेरच्या बाजूला ढकलला. देऊन टाक.

आई म्हणाली, "परवा या." तो माणूस गेला. दादांनी डोळे मिटले, आणि त्या दिवशी रस्त्यावरून काय काय गेलं ते त्यांनी बघितलं नाही.

संध्याकाळी काका आले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. नेहमीसारखे बाकडं ओढून बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, आज घाटात तीन ट्रक मागं टाकले. सांगून ठिवतो, वाघाच्या पेट्रोलला तोड न्हाई. बोल, काय म्हननं हाय तुझं?" आणि 'न्हाई'ची वाट बघत बसले.

दादांनी डोळे उघडले. ओठ हलले. "क... बूल."

आईनं देव्हाऱ्याकडं हात जोडले. दुसरा शब्द आला होता! मला पण क्षणभर आनंदच झाला. पण काका उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"काय म्हनलास?"

"कबूल," दादा म्हणाले. या वेळी स्पष्ट, टपरीवाल्याला ऐकू जाईल असं.

"ए मिस्त्री, असं करू नगंस." काकांचा आवाज चिरकला. "इतकी वर्सं भांडलास, आन आता कबूल म्हनतोस? कबूल म्हंजे खेळ संपला. मला न्हाई जिंकायचं. ऐकतोस का? भांड माझ्याशी!"

पाटीच्या वेळी भिंतीकडं फिरवलं होतं तसं दादांनी झाडाच्या बुंध्याकडं तोंड फिरवलं. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना शेवगावच्या माणसाचं सांगितलं. ते चहा न घेताच गेले. गियर टाकताना गाडी खर्रकन ओरडली. काकांच्या हातून गियर कधी वाजला नव्हता. मी चुलीपुढं जाऊन बसले आणि पोटभर रडले. दादा बोलायला लागले होते, पण ते आम्हाला सोडून जायची भाषा बोलत होते, असं मला वाटत होतं, आणि त्यापेक्षा त्यांची ती 'न्हाई' लाख पटीनं बरी होती.

दुसऱ्या दिवशी काका दुपारीच आले. आणि आले ते नगरच्या अंगानं, शिंपल्याच्या पंपाच्या बाजूनं. दवाखान्यातून येणारी गाडी त्या बाजूनं येण्याचं काही कारणच नव्हतं. गाडीतून उतरले, हातात ते वाघाचं फिकं चित्र. डॅशबोर्डवरून सोलून काढताना त्याची शेपटी फाटली होती. काकांनी आईकडून पिठाची खळ मागून घेतली आणि ते चित्र दादांना दिसेल असं लिंबाच्या बुंध्यावर चिकटवलं.

"घे," ते म्हणाले. "हा वाघ आता तुझा. कबूल केलास न्हवं? मग संभाळ त्याला. मी आजपास्नं शिंपल्याचा. टाकी भरून आलोय. आन खरं सांगू? इतकी वर्सं उगं वाघाच्या नादी लागलो. शिंपल्याचं पेट्रोल म्हंजे अमृत. तुझा वाघ म्हंजे मांजर हाय, मांजर!"

दादा वाघाकडं बघायला लागले. मग काकांकडं. कपाळाला आठी पडली. मी आईचा हात धरला.

"प्ल..." दादा म्हणाले. थांबले. परत जोर केला. "प्लग."

"काय प्लग?"

"दाव."

काका गाडीकडं वळले, बॉनेट उघडलं, आत वाकले आणि लगेच प्लग घेऊन आले. दादांच्या डाव्या तळहातावर त्यांनी तो ठेवला. काळाकुट्ट प्लग. दादांनी तो बोटांत फिरवला. मग नाकापाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. काका बाकड्याच्या कडेला बसून होते, परीक्षेच्या निकालाला पोरं बसतात तसे. त्यांच्या इस्त्रीच्या बाहीला काळा डाग पडला होता, तो मी पहिल्यांदाच पाहिला. दादांनीही पाहिला. त्यांची नजर बाहीवरून काकांच्या तोंडावर गेली आणि तिथं थांबली.

"काळा," दादा म्हणाले. "ठिक्कर."

"काय?"

"शिं... पला. खोटा."

काकांनी मांडीवर थाप मारली आणि अख्खा फाटा गोळा होईल अशा आवाजात ओरडले, "खोटा? माझा शिंपला खोटा? अरे, कार्बोरेटर तुझ्या हातचा हाय! हात तुझा, आन नाव शिंपल्याचं?" ओरडता ओरडता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ते त्या पुसत नव्हते.

"न्हाई!" दादा म्हणाले. "वाघ!"

"शिंपला!"

"वाघ!"

खडी फोडणाऱ्या बाया हातोड्या खाली ठेवून बघत होत्या. टपरीवाला रस्ता ओलांडून आला. दादांनी डावा हात गॅरेजकडं केला आणि म्हणाले, "पेटी." आईनं आणि मी हत्यारांची पेटी फरफटत बाजेपाशी आणली. दादांनी तिच्यातून एक पाना उचलला, डाव्या हातात, वेडावाकडा, आणि तो छातीवर धरून काकांशी भांडत राहिले. तिसऱ्या दिवशी शेवगावचा मिस्त्री आला. आईनं त्याला चहा दिला, वर जेवायला घातलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्यालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

पण त्या भांडणाच्याच संध्याकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. काका गेले होते. बाजेखाली तो प्लग पडला होता. मी उचलून ठेवायला घेतला आणि माझ्या बोटांना काजळी लागली. नाकापाशी नेला. मिस्त्रीची पोर मी, मलाही तेवढं कळत होतं. पंपावरून टाकी भरून आलं म्हणून प्लग काही एका दुपारीत काळा होत नसतो. आणि त्याला पेट्रोलचा वास नव्हताच. चिमणीच्या धुराचा होता, घरात जळते तसल्या रॉकेलच्या चिमणीचा. काकांनी आदल्या रात्री घरी बसून, चिमणीवर धरून, तो जुना प्लग काळा केला होता आणि बॉनेटआड वाकून खिशातून काढला होता. आपला वाघ सोडून, आपला नवा शिंपला खोटा ठरवायला पुरावाही त्यांनी स्वतःच तयार करून आणला होता.

मला तो वास आला, मग दादांना आला नसेल?

मी बाजेपाशी गेले आणि खाली वाकून हळूच म्हटलं, "दादा, ह्याला रॉकेलचा वास येतोय."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. एका बाजूनं हसले. मग पाना छातीवर ठेवला आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर धरून मला गप्प राहायची खूण केली.